पंधराव्या मिनिटानंतर

सुषमाचा फोन आला तेव्हा मी मुलुंड पूर्वेला भाजी घेत होते. "ताई, हे गेले," एवढंच ती म्हणाली. मग कुणीतरी तिच्या हातातून फोन घेतला आणि मला हॉस्पिटलचा पत्ता सांगू लागलं. चारच दिवसांपूर्वी मी तिथेच त्याच्या खाटेजवळ बसून आले होते, तरी पत्ता शेवटपर्यंत ऐकून घेतला. भाजीवाल्याने "ताई, भेंडी घेताय ना?" असं दोनदा विचारलं. घेतली. ती भेंडी नंतर फ्रिजमध्येच काळी पडली... याला आता पाच आठवडे झाले.

सुषमाचा नवरा, दीपक राणे, माझा कॉलेजपासूनचा मित्र. घाटकोपरला आम्ही एकाच दिवशी ज्युदोच्या वर्गात नाव घातलं. तो भांडुपचा, मूळचा मालवणकडचा; वडील गिरणी बंद पडल्यावर रखवालदारी करायचे. मी बँकेत लागले, तो विमा कंपनीत, पण मॅट काही सुटली नाही. चाळिशी आल्यावर दोघांनी मिळून मुलुंडच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळचा ग्रॅपलिंगचा वर्ग सुरू केला. आमच्या खेळात ठोसा नाही, लाथ नाही. समोरच्याला पेचात धरायचं. त्याला असह्य झालं की तो हाताने दोन थापा मारतो, त्याला टॅप म्हणतात. थाप पडली की त्या क्षणी सोडायचं. आम्ही गुणही ठेवले नव्हते. तो हट्ट माझा. कॉलेजात एक अंतिम सामना मी पंचांच्या गुणांवर हरले होते. समोरचीने मला एकदाही नीट पाडलं नव्हतं, आणि ते मी कधी विसरले नाही. हार खेळणाऱ्याने स्वतः कबूल करावी, टेबलामागे बसलेल्या तिघांनी ठरवू नये, असं माझं म्हणणं. इथवर दीपकला मान्य होतं.

प्रश्न पुढचा होता. दोघांपैकी कुणीच थाप मारली नाही तर? दीपक म्हणायचा, पंधरा मिनिटं द्यायची आणि बरोबरीत सोडवायचं. मी चिडायचे. "लोक एवढा वेळ बसणार, आणि शेवटी निकालच नाही? मुलं मग नुसती वेळ काढतील रे."

"काढू देत. अगो, दोघांपैकी कुणीच हरलं नाही, हापण निकालच ना?"

"ही पळवाट आहे."

"असेल. पण पळायला वाट तरी हवी."

पहिल्या मोठ्या स्पर्धेला माझंच चाललं. वेळेची मर्यादा नाही, बरोबरी नाही. घाटकोपरच्या एका शाळेचा हॉल, रविवारची दुपार. दीपक पंच, मी टेबलावर घड्याळ घेऊन. आमच्या वर्गातली रेश्मा तेव्हा एकोणीस वर्षांची. समोर वाकोल्याच्या वर्गातली तिच्याच वजनाची मुलगी. सकाळीच मी रेश्माला म्हटलं होतं, "आज निकाल लावूनच उठायचं." पंधरा मिनिटं झाली, मग पंचवीस. दोघींची बोटं वळेनाशी झाली होती. पेच धरायचा, तो घामाने निसटायचा, मग तशाच एकमेकींवर पडून राहायच्या. लोकांनी टाळ्या वाजवणंही थांबवलं. दीपकने माझ्याकडे बघितलं. नजरेनेच विचारलं... थांबवू? मी मान हलवली. नाही.

त्यानंतर दोन-तीन मिनिटांतच वाकोल्याच्या मुलीला रेश्माचा डावा हात सापडला. रेश्माचा उजवा मोकळा होता. त्या हाताने तिला थाप मारता आली असती. तिने मारली नाही. दीपक झेपावला तोवर कोपर गेलं होतं. आवाज फार मोठा नव्हता, पण टेबलापर्यंत आला.

हॉस्पिटलच्या जिन्यात रेश्माच्या वडिलांनी विचारलं, "थांबवलं का नाही?" आवाज चढलेला नव्हता, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं त्यांनी. दीपक म्हणाला, "पंच मी होतो. चूक माझी." एक्स-रेचं पाकीट धरून मी त्याच्या शेजारी उभी होते. एक पायरी वर चढले असते, तोंड उघडलं असतं, तर झालं असतं. नाही उघडलं.

पुढची आठ वर्षं दीपकने तो विषय माझ्याजवळ काढला नाही. दुसऱ्या महिन्यात भिंतीवर नियमाचा कागद लागला, पंधरा मिनिटं, मग बरोबरी. दुसऱ्या वर्गांतली मुलं हसायची, राणे सरांकडे म्हणे कुणी जिंकतच नाही. तोही त्यांच्याबरोबर हसायचा. मी हळूहळू जाणं कमी केलं. गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठणठणीत होता.

मग त्याची फुप्फुसं आखडू लागली. जिना चढताना थांबणारा दीपक, मग खुर्चीतला, मग त्या खाटेवरचा, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. शेवटच्या भेटीत सुषमा औषधं आणायला खाली गेली आणि मी एकदाची सुरुवात केली. "दीपक, त्या दिवशी तू माझ्याकडे बघितलंस ना..." त्याने माझ्या मनगटावर दोन थापा मारल्या.

मी थांबले. आमच्यात थांबतातच. पण तेव्हापासून ते मनगट मला झोपू देत नाही. त्याने मला माफ केलं, की त्याला ऐकवत नव्हतं? की नुसतं पाणी हवं होतं, आणि मी मात्र आमच्या खेळाची भाषा ऐकत बसले? रोज वेगळं उत्तर येतं. बँकेत सही करताना हात मध्येच थांबतो.

तेरावा झाल्यावरच्या शनिवारी हॉलवर गेले. मुलींचा वर्ग आता रेश्मा घेते. चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच तिला सांगून टाकलं. सरांनी विचारलं होतं, मी नाही म्हटलं होतं, आणि जिन्यात मी गप्प राहिले. सगळं.

ती मॅट पुसत होती. पुसत राहिली. "मला माहितीये ताई. मी खाली होते ना, तोंड तुमच्याच बाजूला होतं. मान हलवताना दिसलात तुम्ही."

"आठ वर्षं? मग बोलली का नाहीस गं?"

"सरांना बोलले होते. ते म्हणाले, ती स्वतः सांगेल, तेव्हा ऐकून घे. तेवढंच."

ती उठली, फडका पिळला. "ऐकलं मी," म्हणाली. ठीक आहे म्हणाली नाही, जाऊ दे म्हणाली नाही. मीही आणखी काही मागितलं नाही.

मुली आल्या, वर्ग सुरू झाला. मी भिंतीला टेकून बसले. शेवटच्या जोडीची पंधरा मिनिटं संपली, कुणीच थाप मारली नव्हती. धापा टाकणाऱ्या त्या दोघींच्या मध्ये रेश्मा उभी राहिली आणि दीपक करायचा तसे तिने दोघींचे हात धरून वर नेले. तिचा डावा हात आता पूर्ण सरळ होत नाही. त्या बाजूच्या मुलीचा हात जरा खालीच राहिला. मग त्या मुलीने तो आपला आपण उंच केला.