इंटरनॅशनल सिटीतले युवराज

स्तेफान ज्या देशाचे युवराज होते, तो देश त्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता. महायुद्ध संपल्यावर तिथली राजेशाही गेली आणि राजाराणीला बोटीवर चढवून बाहेर काढलं. राणी तेव्हा गरोदर होती. मुलगा जन्मला तो पोर्तुगालमध्ये, लिस्बनजवळच्या भाड्याच्या घरात. राणीने त्याला आपली भाषा शिकवली, नद्यांची नावं पाठ करून घेतली. राजाने मरताना त्याचा हात धरून सांगितलं, "हक्क सोडू नकोस." त्या हक्काचं करायचं काय, हे मात्र कुणी सांगितलं नाही. पोटासाठी स्तेफाननी आधी विमा विकला, मग मोटारी. लग्न झालं आणि मोडलंही.

माझी त्यांची ओळख दोन हजार सातमधली, आखातातली. जुमेरा लेक टॉवर्स या उंच इमारतींच्या वस्तीतल्या एका बिल्डर कंपनीत मी ॲडमिनला होते, सगळ्यांचे व्हिसा बघायचे. कंपनीच्या नव्या टॉवरला त्यांचं नाव देणार होते, म्हणून त्यांना नोकरीवर घेतलेलं. काम एवढंच की गुंतवणूकदार आले की सूट घालून फोटोत उभं राहायचं. साठी उलटलेले, उंच, पाठीत थोडे वाकलेले. त्यांचा अर्ज टाइप करताना मी आडनाव विचारलं तर ओशाळून म्हणाले, "आमच्या घराण्यात नसतं. दर ठिकाणी ही अडचण येते." शेवटी मी पहिलं नावच दोनदा टाकलं.

दोन हजार आठ संपता संपता मंदीत सगळं कोसळलं. टॉवरचा पाया खणून झाला होता, तो खड्डा तसाच राहिला. मालक मीटिंगसाठी म्हणून परदेशी गेले ते परतले नाहीत. सगळ्यांचे व्हिसा रद्द झाले, लोक मिळेल त्या विमानाने निघाले. माझा व्हिसा सुजीतच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नावावर होता, म्हणून आम्ही राहिलो. तो साइट इंजिनीअर. पगार अर्धा झाला होता, पण नोकरी होती.

स्तेफानना जाताच येईना. त्यांच्या वडिलांना एका मित्रदेशाने मानाचा पासपोर्ट दिला होता, तोच पुढे मुलालाही मिळाला होता. तिथलं सरकार बदललं आणि नेमकं त्याच वर्षी नूतनीकरण नाकारलं. मी माझं टेबल आवरत होते तेव्हा ते बॅग घेऊन समोर उभे राहिले. कंपनीने दिलेल्या फ्लॅटचं कुलूप बदललं होतं.

"अस्मिता," ते म्हणाले, "मला कुठे जायचं ते कळत नाहीये."

रस्ता विचारावा तसं विचारलं त्यांनी. मी त्यांना घरी घेऊन आले.

इंटरनॅशनल सिटी नावाच्या वसाहतीत आमचं एक बेडरूम आणि हॉल. ते हॉलमधल्या सोफ्यावर झोपू लागले, पाय बाहेर लोंबायचे. आमची आठ वर्षांची ईशानी त्यांच्याकडून फ्रेंच शिकायची. जेवलात का, म्हणून मी विचारलं की तीच उत्तर द्यायची, "ही हॅड वरण-भात, आई. ही लाइक्ड इट." ते लसूण सोलून द्यायचे, कपडे वाळत घालायचे. घराबाहेर पाऊल टाकत नसत, कारण आता ते बेकायदा राहत होते. जिन्यात बूट वाजले की हातातलं काम थांबायचं.

सुजीत आधी काही बोलला नाही. मग एकदा स्वयंपाकघरात येऊन त्याने दार लोटलं.

"चार दिवस म्हणाली होतीस. चार महिने झाले."

"कुठे जातील ते?"

"ते मला माहीत नाही. पण पकडले गेले तर आपणही गेलो. माझी नोकरी खलास. ईशानीची शाळा खलास. राजवाडा त्यांचा होता अस्मिता, आपला नाही."

दार पातळ होतं, आणि मराठी येत नसलं तरी सूर कळतोच. संध्याकाळी पाहिलं तर स्तेफाननी बॅग भरून ठेवली होती आणि तिच्याशेजारी बसून होते. जाणार कुठे? सुजीतनेच ती उचलून परत कोपऱ्यात ठेवली. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते.

आई हयात होती त्यांची. नव्वदीच्या घरात, लिस्बनच्या एका वृद्धाश्रमात. दर रविवारी ते फोन करायचे. एका रविवारी बोलणं संपलं तरी फोन त्यांच्या हातात तसाच राहिला. आईच्या छातीत पाणी झालं होतं, डॉक्टर म्हणाले होते, यायचं तर लवकर या.

मी त्यांना अबूधाबीला नेलं, त्यांच्याच देशाच्या वकिलातीत. देशात आता प्रजासत्ताक होतं. समोरचा अधिकारी तरुण होता, वागायला नम्र. त्याने पर्याय स्पष्ट सांगितला. नागरिक म्हणून पासपोर्ट मिळेल. मात्र सिंहासनावरचा हक्क कायमचा सोडतो असं लिहून द्यावं लागेल, आणि इतर नागरिकांसारखं आडनाव घ्यावं लागेल.

स्तेफान उठले. "माझ्या वडिलांना मी शब्द दिलाय," म्हणाले आणि बाहेर पडले.

परतीच्या बसमध्ये मला राग आवरेना. "कुठलं सिंहासन, स्तेफान? तिकडे आई वाट बघतेय."

"तुला कळायचं नाही," ते म्हणाले. थोड्या वेळाने खिडकीकडे बघत म्हणाले, "माझ्याकडे दुसरं काहीच नाही, अस्मिता. आयुष्यभरात मी काहीच केलेलं नाही. हे एवढं सोडलं नाही, इतकंच केलं."



दोन आठवडे ते जवळजवळ जेवलेच नाहीत. मग आईलाच विचारायचं ठरवलं. फोन स्पीकरवर होता. भाषा मला कळत नव्हती, पण ते किती अडखळत बोलत होते ते कळत होतं. पलीकडून म्हातारीचा धाप लागलेला आवाज आला, मोजकेच शब्द. स्तेफाननी चेहरा हातांनी झाकला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, तुझे आजोबा, माझे वडील, गावातले मास्तर होते. त्यांचं आडनाव चांगलं आहे, ते घे."

दुसऱ्याच दिवशी जाऊन त्यांनी सही केली. पासपोर्टला काही आठवडे लागतील असं कळलं. फोन वाजला की ते ताडकन उठायचे. सुजीत कामावरून आला की पहिला प्रश्न तोच विचारायचा, "आला का?"

पासपोर्टच्या आधी आईची बातमी आली. शुक्रवारची दुपार होती, मी कणीक मळत होते. स्तेफाननी फोन ऐकला, बाल्कनीत गेले आणि भिंतीला टेकून खाली बसले. रडत नव्हते, नुसता श्वास घेत होते, तोही जमत नसल्यासारखा. सुजीत त्यांच्याजवळ जाऊन जमिनीवर बसला. बराच वेळ बसला. मग आत येऊन त्याने गॅस बंद केला.

"आज घरात काही शिजवू नकोस," तो मला म्हणाला. "शेजारच्या हमीदाबाई देतील काहीतरी."

आपल्या घरातलं माणूस गेलं की आपण चूल पेटवत नाही. हमीदाबाईंनी खिचडी आणून दिली. ईशानीने ती स्तेफानना चमच्याने भरवली आणि त्यांनी भरवू दिली.

पुढच्या महिन्यात पासपोर्ट आला आणि बेकायदा राहण्याचा दंड माफ होऊन ते निघाले. विमानतळावर त्यांनी सुजीतचा हात बराच वेळ सोडला नाही. आधी लिस्बनला, आईच्या थडग्यावर गेले. मग आयुष्यात पहिल्यांदा आपल्या देशात. तिथून त्यांचा फोन आला. राजवाड्याचं आता संग्रहालय झालंय म्हणाले.

"आत गेलात?"

"सोमवारी बंद असतं."

"मग?"

"समोरच्या बाकावर बसलो. खूप थंडी होती. मग स्टेशनवर गेलो."

दुसऱ्या दिवसापर्यंत का थांबला नाहीत, हे माझ्या ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. ते लिस्बनला परतले आणि आईच्या वृद्धाश्रमाजवळ खोली घेऊन राहू लागले. फोन हळूहळू कमी झाले. दोन हजार बाराच्या हिवाळ्यात तिथल्या पाद्रींनी आम्हाला कळवलं की ते गेले. अंत्यविधीला कोण होतं, असं सुजीतने विचारलं. "घरमालकीण आणि मी," पाद्री म्हणाले.