वाहून न आलेल्या निवळ्या

मी एम.एस्सी.पर्यंत पोहोचलो तो वाळुंज सरांमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीपर्यंतही गेलं नव्हतं. शाळेत प्रयोगशाळा नव्हती, म्हणून सर आम्हाला विहिरीच्या काठावर विज्ञान शिकवत. पाण्यावर चालणारे किडे, निवळ्या, त्यांनीच पहिल्यांदा दाखवले.

वाहत्या ओढ्यात राहणाऱ्या मोठ्या, लांब पायांच्या निवळ्यांवर माझ्या प्रबंधात एक प्रकरण होतं. नमुना मिळाला नाही तर ते गाळावं लागणार होतं. म्हणून भातकापणीच्या दिवसांत लोणीहून निघालो, मंचरला एस.टी. बदलली आणि डिंभ्याच्या पुढे उतरून डोंगरातल्या एका वाडीवर चढत गेलो.

तिथे ज्यांच्या घरी उतरलो त्या हौसामावशींनी नागलीची (नाचणीची) भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. किडे न्यायला आलोय म्हटल्यावर त्या हसल्या.

"आमच्या गोधडीत लई हायेत. ते न्या की, पावणं!"

जेवल्यावर मावशी मला ओढ्यावर घेऊन गेल्या. ओढा राईतून (देवासाठी राखलेल्या झाडीतून) वाहत होता. डोहाच्या तोंडाशी पाणी जोरात धावत होतं आणि त्यावर निवळ्या होत्या, पाय पसरून तळहाताएवढ्या. बघायला वाकलो तर टोपीच पाण्यात पडली. मी जाळी उचलली.

"थांबा, राव! देवाच्या डोहातलं काय न्यायचं नाय."

"मावशी, एकच नेतो."

"तुमच्या घरातलं एकच माणूस नेलं तर चालंल व्हय?" मग माझा चेहरा बघून त्यांनी खालच्या अंगाचा शेंदूर लावलेला धोंडा दाखवला. "ह्याच्या खाली वाहून येईल ते तुमचं."

धोंड्याखाली जाळी लावून बसलो. जांभळीचं पान आलं. टोपी आली.

"घ्या, देवानं टोपी सोडली!" मावशी म्हणाल्या.

निवळी मात्र एकही आली नाही. मग मी नुसता पाहत बसलो. प्रत्येक निवळी मधल्या लांब पायांनी प्रवाहाविरुद्ध वल्हवत होती आणि जागची हलत नव्हती. पाणी तिच्याखालून निघून जात होतं. वल्हवायची थांबली असती तर माझ्या जाळीत आली असती.

ऊन उतरल्यावर उठलो.

"देव सोडंना जनू," मावशी म्हणाल्या.

"देव नाही, मावशी. त्याच येत नाहीत."

"मंग तर लई बरं!"

परतल्यावर सरांना पत्र लिहिलं:

"ती. सरांना साष्टांग नमस्कार.

नमुना मिळाला नाही. प्रकरण गाळलं. तुमच्या बरोबरीचे शिक्षक बदली घेऊन शहराकडे गेले, तुम्ही आमच्याच शाळेत राहिलात. मला वाटायचं, तुम्ही नुसते थांबलात. एका जागी राहायला किती वल्हवावं लागतं, ते परवा ओढ्यावर पाहिलं.

दिवाळीत येतो. विहिरीवर जाऊ."