दोन्ही टोकं सारखी

खिशात कायम वीज तपासायचा टेस्टर असायचा म्हणून सगळा रस्ता त्या वायरमनला टेस्टर म्हणायचा. लग्नातल्या फोटोतसुद्धा नवऱ्यामुलाच्या खिशातून रुमालाऐवजी टेस्टरच डोकावत होता, आणि बायको होती तोवर त्यावरून टोमणे मारत आली. अशा माणसाच्या नाकावर माशी कशी बसणार? त्यातून डोळ्यांविषयी कुणी काही बोललं तर संपलंच.

मोतीबिंदू पिकलाय, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. ऑपरेशनला टेस्टर भीत नव्हता. भीती शिडीची होती. ऑपरेशननंतर काही दिवस शिडीवर चढायला बंदी, आणि एकदा खाली उतरवलेल्या म्हाताऱ्याला घरचे पुन्हा वर चढू देत नाहीत, हे त्याने शेजारच्या रंगाऱ्याच्या बाबतीत पाहिलं होतं. तो बिचारा आता गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला किती वाजले ते सांगायचा.

लेक टेस्टरच्याच हाताखाली तयार झाली होती. आता कामं तीच घ्यायची आणि गिऱ्हाइकांशी तीच बोलायची. एक दिवस तिने सरळ सांगून टाकलं, "बाबा, नाचाच्या वर्गाचं हे काम शेवटचं. मग तुम्ही घरी. शिडी मी सुतारकाकांना देणार आहे."

"कुणाला विचारून?"

"तुमच्या डोळ्यांना विचारून."

टेस्टरने त्या दिवशी चहा घेतला नाही. शिडीवर त्याने पोर वाढवली होती, घर उभं केलं होतं, आणि ती शिडी म्हणे सुताराची होणार!

नाचाचा वर्ग म्हणजे एक लांबलचक खोली होती. एका भिंतीला आरसे, आणि छताच्या कडेने खाच काढून त्यात रंगीत एलईडीची पट्टी. पट्टीचे तुकडे लेकीने एकापुढे एक जोडत दारापासून पार मागच्या कोपऱ्यापर्यंत नेले होते. वीज देणारा डबा दारावर होता. नाचाच्या बाईंना कार्यक्रमात पळणारे रंग हवे होते आणि रोजच्या शिकवणीला स्वच्छ पांढरा उजेड. टेस्टर खाली शिडी धरून उभा होता, आणि तेवढंच काम आपल्या वाट्याला ठेवलंय हे त्याला आतून जाळत होतं.

बटण दाबलं. लाल पळाला, हिरवा पळाला, निळा पळाला. दारात उभ्या असलेल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. मग सगळी पट्टी पांढरी पेटली आणि बाई खूष झाल्या. शिडी ज्याला जाणार होती तो सुतार तिथेच फळ्या ठोकत होता, तोही मान डोलवायला लागला. टेस्टर तेवढा खोलीच्या टोकापर्यंत चालत गेला.

"कोपरा पिवळा पडलाय," तो म्हणाला.

लेकीने आणि सुताराने एकमेकांकडे पाहिलं.

"बाबा, तुम्हाला काल दूधही पिवळं दिसलं. नासलंय म्हणून ओतून दिलंत."

सुतार खो खो हसला. टेस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण त्या आगीखाली धास्तीही होती. पोरगी म्हणतेय ते खरं असेल तर? तो दारापाशी आला, मान वर करून बघितलं, पुन्हा कोपऱ्यात गेला, पुन्हा बघितलं. असं दोनचारदा झाल्यावर बाई म्हणाल्या, "आजोबा, दमाल." तेव्हा तो खोलीच्या मधोमध पाय रोवून उभा राहिला.

"दिसतं मला पिवळं! सगळंच पिवळं दिसतं. दार पिवळं, हा सुतार पिवळा, तूही पिवळी. पण माझा मोतीबिंदू काय मी दाराशी काढून ठेवतो आणि कोपऱ्यात गेल्यावर पुन्हा घालतो? दोन्हीकडे बघणारे डोळे हेच आहेत ना? मग तिकडचं जास्त पिवळं का?"

सुताराचं हसू विरलं.

"मी मोजलंय," लेक म्हणाली. "शेवटच्या टोकाला व्होल्टेज पूर्ण होतं."

"मोजलंस तेव्हा पट्टीवर काय चालू होतं?"

लेकीने हातातल्या मीटरकडे पाहिलं. "एक लाल ठिपका पळत होता."

पळत्या ठिपक्याला वीज लागते ती किती? पांढऱ्यासाठी प्रत्येक दिव्यातले तिन्ही रंग एकदम पेटतात. पट्टीतल्या पातळ तांब्यातून ती वीज दारापासून निघते, वाटेतला प्रत्येक दिवा आपला वाटा उचलतो आणि शेवटच्याला उरलंसुरलं मिळतं. आधी निळा मलूल होतो, म्हणून पांढरा पिवळटतो. हे सगळं लेकीला पाठ होतं. पण काम उरकून बापाला घरी बसवायची घाई झाली होती, आणि घाईत तिने भार नसलेली पट्टी मोजली होती.

आता पांढरा लावून ती शिडीवर चढली, मीटर लावला आणि कमी निघालेला आकडा वाचतच खाली आली.

"डब्यात तो बारका स्क्रू असतो ना, तो थोडा पिळा की," सुताराने सुचवलं. "वाढेल व्होल्टेज."

"हात लावून तर बघा!" टेस्टर गरजला. "कोपरा उजळेल आणि दाराजवळची पट्टी भाजून निघेल."

"राहू द्या ना आजोबा," बाई म्हणाल्या. "मुली नाचायला येणार, पट्टी बघायला नाही."

"शेवटच्या रांगेतली मुलगी ठेका चुकली तर राहू द्या म्हणता का, बाई?"

बाईंनी पर्स खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या.

मग डब्यापासून खाचेतून प्लस-मायनसच्या दोन जाड वायरी निघाल्या. एक फाटा पट्टीच्या मध्यावर जोडला, दुसरा थेट शेवटच्या टोकाला, प्लसला प्लस, मायनसला मायनस. वायरींची टोकं टेस्टरने खाली बसून सोलली. त्याला डोळे लागतच नव्हते, बोटांना सगळं ठाऊक होतं. लेक वर जोड देत होती.

"डोळा करून घ्यायचा," ती वरूनच म्हणाली. "याच आठवड्यात."

"आधी शिडीचं बोल."

तिने खाली हात करून पुढची वायर मागितली. शेवटचा जोड झाल्यावर तिने पांढरा लावायला सांगितलं. बाई वर बघत होत्या, सुतार वर बघत होता. लेकीने त्यांना विचारलं नाही.

"बाबा, बघा."

टेस्टर दारापासून कोपऱ्यापर्यंत चालत गेला. तिथून परत आला. कसली घाई नव्हती.

"दोन्ही टोकं सारखीच पिवळी," तो म्हणाला.

"म्हणजे पांढरी," लेकीने बाईंना सांगितलं आणि खाली उतरली.

सुताराने शिडीला हात घातला. "मग नेऊ ही?"

"नाही काका," ती म्हणाली. "डोळा झाला की बाबांना लागणार आहे."