खिडकी नंबर चार

माझ्या मुलीचा दिल्लीच्या मोठ्या विद्यापीठातला प्रवेश हुकला, कारण खिडकीवरचा क्लार्क चहा प्यायला गेला होता. तो क्लार्क मीच!

विद्यापीठ दिल्लीत आणि मी भोपाळला, पिपलानीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये. तरीही मी हे करून दाखवलं.

सईचा दोन ठिकाणी नंबर लागला होता. एक ते दिल्लीचं अवाढव्य. दुसरं इटारसीच्या पुढचं, इतकं छोटं की आमच्या कारखान्याचं कँटीन त्याहून मोठं भरेल. माझं मत अर्थातच दिल्ली. ('आमची सई दिल्लीला असते' हे वाक्य कँटीनमध्ये कसं टाकायचं, याची मी दाढी करताना तालीमही केली होती.) सईला मनातून छोटंच आवडलं होतं. तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी तिच्या कुठल्याशा शंकेला भलंमोठं उत्तर पाठवलं होतं म्हणे. पण माझं तोंड बघून बिचारी म्हणाली, "चालेल बाबा, दिल्ली." अडून बसली ती सुनंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती.

"अहो, तिथं कुत्रं विचारणार नाही पोरीला! लायनीत उभी राहून रडेल ती."

हा वाद शेवटच्या दिवसापर्यंत चालला. संध्याकाळी पाचच्या आत फी भरली नाही तर दिल्लीची जागा जाणार होती. मी कारखान्याच्या सुरक्षा विभागात. आमच्याकडे कसलीही शंका आली की औषध एकच: मॉक ड्रिल! आग लागलीय असं समजायचं, भोंगा वाजवायचा आणि सगळ्यांनी पळायचं.

"आज घरात मॉक ड्रिल!" मी जेवताना जाहीर केलं. "हे घर म्हणजे दिल्लीचं विद्यापीठ. इथं तुला कुणी ओळखत नाही. हे माझं कार्ड घे, फी तुझी तू भर. काही अडलं तर खिडकी नंबर चारवर ये. लाइन तोडलीस किंवा रडलीस, तर नापास!"

स्वयंपाकघराच्या अंगणाकडच्या खिडकीवर मी खडूनं चार आकडा काढला आणि आत खुर्ची टाकून बसलो. थोड्याच वेळात सई आली.

"बाबा, तुमच्या फोनवर ओटीपी..."

"कौन बाबा? लाइन में आइए!"

"पण लाइनच नाहीये!"

"तो बनाइए!"

ती गेली आणि शेजारच्या कुलकर्णी काकूंना घेऊन आली. काकू कढीपत्ता मागायला आल्या होत्या.

"आयडी?" मी विचारलं.

"अहो भाऊजी, मी! रोज कढीपत्ता नेते की!"

"झेरॉक्स लाइए."

काकू फणकाऱ्यानं ज्या गेल्या, त्या दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत. मला मात्र चांगलीच झिंग चढली. जन्मभर खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभा राहिलेला माणूस मी! सई पुन्हा आली.

"सर, फी का ओटीपी..."

"फॉर्म अधूरा है."

"काय अधुरं आहे?"

"वो कल बताएँगे."

मागं सुनंदा पदर तोंडावर धरून हसत होती. तेवढ्यात खांद्यावर सिलिंडर घेऊन गॅसवाला थेट खिडकीशी आला.

"साहब, ओटीपी बता दो."

"पहले लाइन में..."

"अहो!" सुनंदा कडाडली. "गॅस संपलाय. चहा हवाय ना?"

मी निमूटपणे फोन काढला आणि आकडे वाचून दाखवले. बँकेचेही मेसेज दिसत होते, पण क्लार्क ते कशाला वाचतोय! सईनं आशेनं मान उंचावली.

"सर, मेरा भी..."

"टी टाइम!" मी खिडकी लावून घेतली.

चहा फक्कड झाला होता. खिडकी उघडली तेव्हा पाच वाजून गेले होते आणि सई पायरीवर बसली होती.

"शाब्बास! रडली नाहीस, पास! भरलीस ना फी?"

"कशी भरणार? ओटीपी तुमच्या फोनवर येतो. आता बंद झालं ते."

मी धावत अंगणात आलो. "अगं, मग ओरडायचंस! खिडकी फोडायचीस!"

"लाइन तोडली की नापास, तुम्हीच म्हणालात."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. खरं सांगतो, रडूच आलं मला. (म्हणजे ड्रिलमध्ये नापास झालो तो मीच.)

"आता त्या छोट्या ठिकाणी तरी जागा असेल का गं?" मी घाबरत विचारलं.

"मघाशीच फोन केला. मॅडमनीच उचलला. म्हणाल्या, 'अरे सई, आ रही है ना तू?'"

हे सांगताना तिचा चेहरा असा फुलला, की दिल्लीचा 'द'सुद्धा माझ्या तोंडून निघेना. आता ती तिथं मजेत आहे. सुनंदाही खूश आहे.

कँटीनमध्ये अजून कुणीतरी विचारतंच, "काय साहेब, मुलगी दिल्लीला जाणार होती ना?"

"नाही जमलं हो," मी गंभीरपणे सांगतो. "फार मोठं विद्यापीठ ते. त्या दिवशी आख्ख्या खिडकीवर एकालाच प्रवेश मिळाला."

कुणाला, ते मात्र सांगत नाही. लाल रंगाचा होता तो, महिनाभर आमच्याच ओट्याखाली राहत होता.