आयेच्या लुगड्यांचा अननस

आमच्या सासूबाईंना कुणी "जमणार नाही" म्हणू नये. म्हटलं की ती गोष्ट त्यांना चिकटलीच म्हणून समजा. मागे आमच्या विक्रोळीच्या सोसायटीने गच्चीला कुलूप घातलं आणि वर गोधड्या वाळत घालायच्या नाहीत असा ठराव केला. सेक्रेटरी काशीराम तावडे म्हणाले, वहिनी, नियम सगळ्यांना सारखा, किल्ली मिळणार नाही. सासूबाईंनी वादच घातला नाही. ओली गोधडी बादलीत घेऊन त्यांच्या दारासमोर स्टूल टाकून बसल्या आणि निवांत ती पिळायला लागल्या. पाणी तावड्यांच्या उंबऱ्यावरून आत. संध्याकाळच्या आत किल्ली आमच्या खुंटीला आली, ती आजतागायत तिथेच आहे.

मी त्यांची सून, मीरा. लग्न झाल्यापासून त्यांच्या हट्टापुढे मी एकदाही जिंकलेले नाही. याचा मला राग येतो आणि कौतुकही वाटतं, दोन्ही खरं आहे.

त्यांचं नाव विमला. मालवणकडची मुलगी, लग्न होऊन थेट विक्रोळीच्या चाळीत आली. सासरे, जयवंतराव, कारखान्यात कामाला. घरात सासू, तिला सगळे आये म्हणत. आयेने या नव्या सुनेला स्वयंपाकाआधी गोधडी शिकवली. जुनी लुगडी एकावर एक अंथरायची, वरून तुकडे मांडायचे आणि काठापासून धावदोरा घालत, फेऱ्या मारत मारत मधोमध यायचं. काठ पक्का झाला की मधलं कुठे जात नाही, असं आयेचं म्हणणं. सासूबाईंनी तसं आयुष्यभर शिवलं. आजूबाजूच्या इमारतींत त्यांच्या गोधडीवर न निजलेलं मूल शोधावं लागेल.

आमची ऋतिका, म्हणजे माझी मुलगी, लग्न होऊन मुलुंडला असते. दिवस गेल्यावर एकदा राहायला आली होती तेव्हा तिने आजीला फोनवर एक परदेशी गोधडी दाखवली. मध्ये इवलासा चौकोन, त्याच्या चारी बाजूंना पट्ट्या, मग चारी कोपऱ्यांवर तिरप्या पट्ट्या, पुन्हा बाजूंना, पुन्हा कोपऱ्यांवर. असे चौकोन एकमेकांना जोडले की गडद रंगाचे करवतीसारखे दात चारी दिशांना फुटतात. याला अननस म्हणतात, ऋतिका म्हणाली.

सासूबाईंनी चष्मा वर ढकलून बघितलं. "ह्यात अननस खंय आसा?"

ऋतिका हसली आणि तिने ते वाक्य बोलून टाकलं. म्हणाली, तू नको हां करायला जाऊस आजी, हे फार किचकट असतं, नाही जमत कुणाला. मी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

त्याच दुपारी पलंगाखालची आयेच्या लुगड्यांची ट्रंक बाहेर आली. आमच्या घरातलं प्रत्येक बाळ पहिल्यांदा आयेच्या लुगड्यावर निजलं आहे. माझा नवरा सुबोध निजला, ऋतिका निजली. आये जाऊन दहा वर्षं झाली म्हणून पणतूने दुकानातल्या गादीवर निजायचं, हे सासूबाईंना मंजूर नव्हतं. अननस करायचा, आयेच्या लुगड्यांचाच करायचा आणि बाळाच्या बारशाला पाळण्यात घालायचा, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं.

पहिला चौकोन त्यांनी सवयीने शिवला. जुन्या धोतराच्या तुकड्यावर पेन्सिलीने रेघा आखल्या आणि काठाच्या पट्ट्यांपासून सुरुवात केली. फेऱ्या मारत आत आत आल्या. जन्मभर जे केलं तेच हातांनी केलं. पण अननस आतून बाहेर वाढतो. प्रत्येक पट्टीने आधीच्या पट्टीची उघडी कड झाकायची असते. यांच्याकडे सगळ्या उघड्या कडा मधोमध येऊन भेटल्या आणि तिथे वाकडंतिकडं भोक उरलं. त्यावर चौकोन चिकटवून बघितला, तर पापड तळल्यासारखं सगळं फुगलं. मी म्हटलं, आई, राहू दे ना, साधी गोधडी काय वाईट आहे? त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ब्लेड घेतलं आणि शिलाई उसवत बसल्या.

दुसऱ्यांदा मधून सुरू केलं. हाताला सारखं समजवावं लागत होतं. पट्टी लावायची, टीप मारायची, उलटवून वाटीच्या बुडाने दाबायची, वाढलेलं कापायचं आणि मग पुढची. या वेळी सपाट, काटकोनात, नीटस चौकोन उतरला. भिंतीला टेकवून आम्ही लांबून बघितला आणि दोघींचे चेहरे पडले. अननसच दिसेना. ट्रंकेतली लुगडी सगळी गडद होती: हिरवी, जांभळी, काळी, माडीच्या मडक्यासारखी तांबूस. गडदाशेजारी गडद. दात दिसायला बाजूंना फिकट पट्ट्या हव्यात.

मी भाबडेपणाने म्हटलं, बाजारातून पांढरं कापड आणते. त्यावर जे ऐकून घ्यावं लागलं ते लिहीत नाही.

आयेची फिकट लुगडीही होती. नवरा गेल्यावर आये फिकटच नेसायची. पण ती सगळी बोरिवलीला होती, माणिककाकूंकडे. माणिककाकू म्हणजे सासूबाईंची धाकटी जाऊ. माझे सासरे डायलिसिसवर होते तेव्हा दोन आजारी माणसं एका घरात झेपेनात, म्हणून आयेला बोरिवलीला नेलं. शेवटची दोन वर्षं ती तिथेच अंथरुणावर होती. गेली तेव्हा नुसती हाडं उरली होती. तेराव्याला, पानं उठायच्या आत, सासूबाई सगळ्या भावकीसमोर बोलून गेल्या: "म्हातारीक खाऊक घालीत होतात की नाय?"

माणिककाकूंनी हातातलं वाढप खाली ठेवलं आणि आतल्या खोलीत गेल्या. तेव्हापासून दोघी लग्नकार्यात भेटतात, बरी आहेस का, बरी आहे, एवढंच. सुबोधने किती वेळा सांगितलं असेल, आई, एक फोन कर. पण आमच्या सासूबाई चिकट आहेत ना, ती चिकाटी अशाही ठिकाणी वापरतात.

तो न दिसणारा अननस भिंतीला लावून त्या चार दिवस बघत बसल्या. पाचव्या दिवशी सुबोधला म्हणाल्या, गाडी काढ, बोरिवलीक जाऊचा आसा.

माणिककाकूंनी दार उघडलं, आम्हाला बघून नुसतं या म्हणाल्या. अंगात फिकट निळ्या फुलांचा गाऊन, धुऊन धुऊन विरलेला. चहा झाला, ऋतिकाची चौकशी झाली. मग सासूबाईंनी पिशवीतून चौकोन काढून टीपॉयवर ठेवला आणि काय हवं ते सरळ सांगितलं.

माणिककाकू चौकोनावरून बोट फिरवत म्हणाल्या की ती लुगडी आता नाहीत, बोहारणीला देऊन टाकली.

"आयेची लुगडी भांड्यांवर दिलीस?" सासूबाईंचा आवाज चढला. सुबोधने माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे.

"दिली," माणिककाकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मुळीच चढला नाही. "वैनी, दिवसातून तीन-तीनदा मी ती धुतलीत. कितीही उकळली तरी वास जाईना. आणि पडल्या माणसाला नऊवारी नेसवून बघा कधी. तिला कूस बदलताना टोचायचं, रडायची. शेवटी मी माझे गाऊन घालायला लागले तिला."

आये आणि गाऊन. आयुष्यात कासोट्याशिवाय कुणाला न दिसलेली ती बाई.

सासूबाई म्हणाल्या, मी यायची तेव्हा तर लुगड्यातच असायची.

"तुम्ही यायचा म्हणूनच." माणिककाकूंनी कप उचलून ट्रेमध्ये ठेवले. "विमल येते, माका लुगडा नेसव, म्हणायची. तासभर लागायचा नेसवायला. तुम्ही गेलात की मी पुन्हा सोडायची. तिने शपथ घातली होती, विमलला सांगू नको. आणि जेवणाचं म्हणाल, तर चमच्याने पेज भरवायची मी. अर्धी पोटात जायची, अर्धी अंगावर."

सासूबाई चौकोनाकडे बघत म्हणाल्या, "माझा चुकला, माणिक."

"इथे कशाला सांगता?" माणिककाकू म्हणाल्या. "इथे कोण आहे ऐकायला? तेराव्याला सगळी होती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर मला सासूबाईंचा भयंकर राग आला होता. वाटलं, आता तरी उठतील, हात धरतील, काही तरी. त्या उठल्या खऱ्या. माणिककाकूंच्या गाऊनची बाही चिमटीत धरून कापड निरखलं आणि विचारलं, हा त्यातलाच का?

त्यातलाच होता. माझ्यासाठी घेतले, तिच्या अंगाला लागले, आता पुन्हा मीच घालते, टाकवत नाहीत, असं माणिककाकू म्हणाल्या.

"मग हेच दी माका."

"अंगातला?"

"दुसरा घाल काय तरी. आणि आसत तितके सगळे दी."

माणिककाकू आत गेल्या, साडी नेसून आल्या आणि गाऊनांची चवड सासूबाईंच्या पिशवीत कोंबली. दारापर्यंत सोडायलाही आल्या नाहीत.

गाडीत मी म्हटलं, आई, घरी पोचलं की फोन करून नीट बोला त्यांच्याशी. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या की फोनवर नाही. तेराव्याला जी माणसं होती, ती सगळी बारशाला यायला हवीत. सुबोध म्हणाला की बारसं लहानसं करायचं ठरलंय. त्या म्हणाल्या, ते आता मोठं झालं.

पुढचे दिवस घरात मशीनचा आवाज होता. गाऊनचं कापड इतकं विरलेलं की सुईच्या नुसत्या धाकाने फाटायचं. आधी पट्ट्या कापून बघितल्या, तर कडेचे धागे सुटायला लागले. मग खाली धोतराचं अस्तर लावून रुंद पट्ट्या घेतल्या, टाके बारीक केले. एक चौकोन तिरका आला, तो उसवला. पुन्हा तिरका आला, पुन्हा उसवला. सुबोध म्हणाला, एवढंसं कुणाला दिसणार आहे? त्या म्हणाल्या, माका दिसता. डाव्या अंगठ्याचं नख दाबून दाबून काळं पडलं. मी रागावून मशीनची वायर काढून ठेवली, तर हाताने चाक फिरवून शिवायला लागल्या. शेवटी मीच पट्ट्या कापून द्यायला बसले. बोलण्यापेक्षा ते सोपं होतं.

पण मला गोधडीची काळजी नव्हती. ती होणारच होती. मला भीती दुसरीच होती. या बाईने आजवर कुणासमोर मान खाली घातल्याचं मी पाहिलेलं नाही. इतक्या माणसांसमोर हिच्या तोंडून ते निघेल का? निमंत्रणाचे फोन मात्र त्या स्वतः करत होत्या. गोरेगावचे चुलतदीर, ट्रॉम्बेची नणंद, सगळी यादी पाठ. शेवटचा फोन बोरिवलीला. माणिककाकू म्हणाल्या, बघते.

बाळ झालं, मुलगी झाली. बारशाच्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये भावकी गच्च भरली होती. माणिककाकू उशिरा आल्या आणि मागच्या खुर्चीवर, दाराशी बसल्या. पाळणा सजला. सासूबाईंनी गोधडीची घडी मोडून ती दोन्ही हातांनी उभी धरली आणि हॉलमध्ये बायकांचा कौतुकाचा सूर निघाला. गडद दात फिकट फुलांतून चारी बाजूंना फुटले होते. लांबून खरोखर अननस दिसत होता. ट्रॉम्बेच्या आत्या म्हणाल्या, विमल वैनी, तुमच्या हाताला तोड नाही.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. हॉल हळूहळू गप्प झाला. "ह्यातला गडद आसा ता आयेच्या लुगड्यांचा. आणि फिकट आसा ते माणिकचे गाऊन. आयेन शेवटाक तेच घातल्यान. हिने घातल्यान, हिनेच धुतल्यान, हिनेच भरवल्यान. मी तेराव्याक तुमच्यासमोर बोललंय ता खोटा होता. तुम्ही सगळ्यांनी तेव्हा ऐकलात, आता ह्या पण ऐका."

सुबोधने तोंड फिरवलं. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. सासूबाई दाराकडे बघत तशाच उभ्या होत्या, गोधडी खाली न घेता. जोवर उत्तर येत नाही तोवर त्या तशाच उभ्या राहणार, हे मला ठाऊक होतं.

माणिककाकू उठल्या. खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आल्या, सासूबाईंच्या हातातून गोधडी घेतली आणि पाळण्यात अंथरली. ऋतिकाकडून बाळ घेऊन वर ठेवलं. मग एका हाताने बाळाला किंचित उचलून धरत, दुसऱ्या हाताने खालची गोधडी चारी बाजूंनी ओढून सरळ केली, एकही सुरकुती राहू दिली नाही. तो हात इतका सराईत होता की बघणाऱ्या प्रत्येकाला अंथरुणाला खिळलेली आये आठवली असणार.

"वैनी," त्या म्हणाल्या, "या इकडे. पाळण्याची दोरी तुम्ही धरा."