पाच चांदण्यांचा सौदा

माझ्या घोंगडीला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. जी काही ठेवायची ती नावं लोक मलाच ठेवतात.

खांद्यावर घोंगड्या टाकून आठवडी बाजार पालथे घातले, तेव्हा कुठं हुमनाबादेत माझं दुकान उभं राहिलं. मग गिरणीची गुळगुळीत, वाघाच्या चित्राची ब्लँकेटं आली आणि माझं गिऱ्हाईक त्या वाघानं खाल्लं! हैदराबादेत नोकरीला असलेल्या माझ्या लेकीनं, सुनंदानं, तिथला एक हॉटेलवाला गाठला. त्याला खोल्याखोल्यांत घोंगड्या हव्या होत्या. हा सौदा जमला तर दुकान तरणार होतं.

तेवढ्यात तिचा फोन आला.

"अप्पा, हॉटेलचे साहेब यायच्या आधी नेटवर दुकानाचं नाव बघणार हाईत. आन् तिथं कुणीतरी लिवलंय, घोंगडी चांगली, मालक भांडखोर. पाचातली एकच चांदणी दिलीय."

"कोण हाय त्यो? त्याच्या..." (पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही.)

"असं बोलताव, म्हणून तर लिवतेत!"

मी तडक खाजाभाईच्या नेटच्या दुकानात गेलो. मागोमाग बायको, कलावती, माझ्या तोंडावर लक्ष ठेवायला! खाजाभाईनं पडद्यावर दाखवलं. पाच जागांत एकटीच पिवळी चांदणी!

बघता बघता माझं डोकं थंड झालं. आमच्याकडं पहिल्याच तोंडाला रास्त भाव सांगणाऱ्याला येडा समजतात. शंभराच्या वस्तूला वीस म्हणायचं, उठून चालू लागायचं, हाक आली की परत फिरायचं, ही रीत. म्हणजे ही एक चांदणी त्या गिऱ्हाइकाची पहिली बोली होती! आता बोलायची पाळी माझी.

"लिवा खाजाभाई. एका चांदणीत घोंगडीची दशीबी येत न्हाई. चार करा, दुकानात या, भाव कमी करतो."

"सेठ, ये सब लोगां पढते!"

"पढू द्या की!"

"अहो, चांदण्यांवर घोंगड्या इकायलाव का?" कलावती म्हणाली.

"तू गप. तुला धंदा कळतो का?"

(कळत होता. ते पुढं कळलं.)

ते वाचून लगेच दुबलगुंडीचा दुसराच एक जण आला. घोंगडी निवडून म्हणाला, "मी एक चांदणी दिलोय. आता किती कमी करताव बोला."

"एकच कामून दिलास रे?"

"मग पहिल्यांदाच चार देऊ व्हय? मी काय येडा हाय?"

मी त्याच्यावर ओरडलो. तो गेला आणि तेही नेटवर लिहून आला! मग निर्ण्याचे आले, चिंताकीचे आले. जो तो आधी खाजाभाईकडं जाऊन एक चांदणी टाकायचा आणि मग माझ्याकडं घासाघीस करायला यायचा. खाजाभाईच्या दुकानापुढं रांग, माझ्या दुकानात भांडण!

"अप्पा, काय करून ठेवलाव हे!" सुनंदाचं फोनवर रडायचंच बाकी होतं. "साहेब उद्या यायलेत!"

साहेब आले. मूळचे उदगीरचे निघाले. मी गोड बोलायचं ठरवलं होतं. कलावती माझ्या पाठीशी उभी होती, बोट टोचायच्या तयारीत.

"मी सगळं वाचलंय," घोंगडी चाचपत साहेब म्हणाले. "इतके लोक चिडलेत, पण मालाला वाईट एकानंही म्हटलेलं नाही. शिव्या देऊनही लोक परत इथंच येतात, म्हणजे मालात दम आहे. बोला, निम्म्या भावात देता?"

"निम्म्या भावात? मेंढरं काय अर्धीच कातरू?"

पाठीत बोट रुतलं. उशीर झाला होता! दुकान गेलं, असं वाटून मी डोळे मिटले.

साहेब खो खो हसत होते. "दुकान हेच. खात्री पटली!"

सौदा माझ्या भावात जमला. साहेबांनी नेटवर चांदण्याही दिल्या. चार! मी तावातावानं फोन लावला, "एक कामून कापलाव?"

"चार घोंगडीच्या. पाचवी तुमची होती," साहेब म्हणाले.

हे मला अजून सलतं. परवा कलावतीला विचारलं, "तू मला किती देशील?"

"एक."

"एवढ्या वर्षांच्या संसारात एकच?"

"पहिली बोली हाय," घोंगडीची घडी घालत ती म्हणाली. "आधी आवाज उतरवा, मग चढवते."

गिऱ्हाईक मुरलेलं आहे. सौदा अजून चालू आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला भावाऐवजी आवाज उतरवावा लागतोय!