पेटीतली लाल साय

छत्तीसगड वेगळं व्हायच्या आधीची गोष्ट आहे. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरात समुद्राच्या पाण्याची काचेची पेटी होती. ती दिराने आणली. तो विशाखापट्टणमला रेल्वेत होता; त्याच्याशिवाय घरात कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. माझ्या सासऱ्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, ते खाटेला लागले आणि त्यांनी जेवण टाकलं. म्हाताऱ्याचं मन रमावं म्हणून दिराने तीन रंगीत मासे, वाळू, समुद्राचे दगड आणि पाण्याचे कॅन गाडीत घालून आणले, सगळं खाटेच्या उजव्या अंगाला मांडलं आणि ड्युटीवर परत गेला. पुढचं माझ्या गळ्यात पडलं.

पेटी आल्यापासून मामाजी, म्हणजे सासरे, जेवू लागले, हे मात्र खरं. त्याआधी डॉक्टरांनी बजावलं होतं की असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळीला ते घाबरत. मीही घाबरत होते. नळी घातलेल्या माणसाचं करण्याइतकं बळ माझ्यात उरलं नव्हतं. तेव्हा मासे जगले पाहिजेत, एवढंच मला कळत होतं.

उन्हाळा लागला तशी वाळूवर साय धरू लागली. दुधावर धरते तशीच, पण रंग वाळलेल्या रक्ताचा. आधी एका कोपऱ्यात होती, मग दगडांवर चढली, मग काचेवर. चिमटीत धरली की अख्खी सोलून येई. वास नालीचा. शेजारीण डोकावून म्हणाली, "भाभी, इसमें किसी ने पान थूका है क्या?"

"हमारे यहाँ थूकने वाला एक ही है, और वो ड्यूटी पर गया है," मी म्हणाले. नवरा खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खायचा.

रोज सकाळी मामाजींना कुशीवर वळवायचं, पुसून घ्यायचं, चादरी भिजवायच्या, नवऱ्याचा डबा भरायचा आणि मग पेटीला लागायचं. रबरी नळीचं एक टोक पाण्यात धरून दुसरं तोंडाने ओढायचं, म्हणजे साय पाण्याबरोबर बादलीत उतरते. ओढताना पाणी तोंडात येई. समुद्र मी असा चाखला. दुसऱ्या दिवशी साय पुन्हा हजर. शेवटी एकदा वैतागून सगळे दगड नळाखाली धरले आणि काथ्याने घासून काढले.

दीर पाण्याचे नवे कॅन घेऊन आला तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. "वहिनी, दगड कावून घासले? ही साय म्हणजे जंतू हाय. पण त्या दगडायमंदी चांगले जंतूबी रायते, तेच पाणी साफ ठेवते. तुमी तेच धुऊन टाकले."

"मी कशी ओळखू, कोणता चांगला आन् कोणता वाईट? हाताले दोघंबी बुळबुळीतच लागते."

"खाणं जास्त पडून राहिलं असंन. सडलं का या जंतूयची चंगळ होते."

"दिवसाला एक चिमूट टाकते. तूच सांगून गेला होता."

त्याने बोटाने काचेवरची साय खरवडून पाहिली. मग म्हणाला, पेटीवर चादर टाका, दोन-चार दिवस अंधार ठेवा, उजेड नसला की साय मरते. हे सांगून तो रात्रीच्या गाडीने गेला.

मी चादर टाकली. त्याच दुपारी मामाजींनी ताट सरकवून दिलं. संध्याकाळीही तसंच. दुसऱ्या दिवशी फक्त चहा घेतला. नवरा म्हणाला, "बाबाले मासे दिसत नाई म्हणून." मासे वाचवावे तर म्हातारा उपाशी, म्हाताऱ्याला जेवू घालावं तर मासे मरणार. तिघांतला काळा मासा तर त्याच रात्री मेला. सकाळी मी चादर ओढून काढली. मामाजी दुपारी नीट जेवले.

ताट उचललं आणि साय कितपत मेली ते पाहायला वाळूत नळी फिरवली. बादलीत भाताची ताजी शितं आली; सकाळपर्यंत ती सायीत विरून जात असावीत, म्हणून आजवर दिसली नव्हती. दगडाखाली खुपसली तर पोळीचे तुकडे, जुने, फुगलेले, बोट लावताच विरघळणारे.

मामाजींची सवय मला ठाऊक होती. गावाकडे ताटातला पहिला घास ते गायीला नाहीतर कुत्र्याला देत, क्वार्टरात आल्यावर खिडकीतल्या कावळ्याला. खाटेवरून खिडकी लांब होती. पेटी हाताशी होती आणि उन्हाळ्यामुळे तिचं झाकण मी अर्धं उघडं ठेवत असे.

मी बादली त्यांच्यासमोर ठेवली. "मामाजी, हे मासे भात नाई खात. तुमच्या घासानं पेटी सडून राहिली. एक मेला, बाकीचेबी मरतीन."

त्यांनी बादलीत पाहिलं. मग म्हणाले, "कोणाले न देता एकट्यानं कसा जेवू? आजवर जेवलो नाई."

"नाई जेवले तर नळी घालतीन."

"घालू दे मंग."

दुसऱ्या दिवशी ताट वाढलं. त्यांनी घास केला आणि हात वरच्या वर धरून बसले. पेटीकडे बघत होते, टाकत नव्हते, खातही नव्हते. मी धुणं अर्धं टाकून आले होते. उभं राहून पाय दुखायला लागले.

"मले द्या," मी म्हणाले. "सकाळपासून चहावर हाय मी."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. "तू जेवली नाई अजून?"

"तुमचं झाल्याबिगर कवा जेवली?"

त्यांनी घास माझ्या तळहातावर ठेवला. मी तिथेच उभ्याने खाल्ला. वरणात मीठ कमी होतं. मग ते जेवले.

साय एका दिवसात गेली नाही. नळीने ओढणं चालूच होतं, पण ती पातळ होत गेली आणि थंडी पडेपर्यंत वाळू पुन्हा पांढरी दिसू लागली. दोन मासे जगले. मामाजींना नाकातली नळी कधी लागली नाही. मला मात्र रोज दुपारी हातातलं काम सोडून, ओले हात पदराला पुसत खाटेपाशी जाऊन उभं राहावं लागे. उशीर झाला तर आतून आवाज येई, "सूनबाई, भात गार होऊन राहिला."